बाबांच्या दुकानाची जागा

क्राइस्टचर्च,
२४ फेब्रुवारी २०२५

प्रिय ट्रेव्हर,

खुबा कसा आहे? काठीशिवाय चालतोस की अजून तेच? मी बरी आहे. टोमॅटो इतके आलेत की शेजारीण आता मला बघून दार लावते.

तुझं पत्र मिळालं. "ताई, भूकंपाला चौदा वर्षं झाली, तुमच्या गावाला एक इमारत उभी करता येत नाही?" ब्रिस्बेनला बसून विचारायला काय जातंय तुझं! इथे भर गावात अजून खडीची मैदानं आहेत. कोपऱ्यावर 'लवकरच येत आहे' हा फलक सात वर्षं उभा आहे. चित्रातली हसरी बाई उन्हाने पांढरीफटक पडली, इमारतीचा पत्ता नाही. बाबा जिथे बूट शिवायचे, तिथे लोक गाड्या लावतात. शेजारचा मालक विमा कंपनीकडे बोट दाखवतो, ती नगरपालिकेकडे, आणि नगरपालिका नवा अर्ज हातात देते. वैताग आहे नुसता.

त्यात तो शंकू. दरवर्षी भूकंपाच्या दिवशी आम्ही रस्ता अडवायच्या नारिंगी शंकूंमध्ये फुलं खोचतो, तुला ठाऊक आहे. तीन वर्षांपूर्वी मी एक आपल्या जागेत ठेवला, बाबांची खुर्ची असायची तिथे, आणि परत आणायला विसरले. आपल्या माणसांना शंकू दिसला की संपलं, कोणी हात लावणार नाही. गाडीवाले वळसा घालू लागले. मोजणीवाल्यांनी नकाशात 'धोका, कारण अज्ञात' असं लिहून भोवती कुंपण घातलं. परवा बिल्डरचा माणूस हेमी विचारतो, "मावशी, खाली गॅसची नळी आहे का हो?"

म्हटलं, "नाही रे बाबा, तो माझा आहे."

तो पोट धरून हसला. मला हसू येईना. विसरले म्हटलं तेही खोटंच, मुद्दाम ठेवला होता.

खरं सांगते. नगरपालिकेने काही अडवलेलं नाही. परवानगी दोन वर्षांपूर्वीच मिळाली. तू सही करून पाठवलेले बिल्डरच्या कराराचे कागद माझ्या स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये पडून होते, माझ्या सहीवाचून. तळमजल्यावरचं घर तुझं, जिना चढायला नको, तू परत येणार, सगळं ठरलेलं. आणि मी आपली 'अजून अडलंय' म्हणत राहिले. येत्या शुक्रवारी परवानगीची मुदत संपते.

बाबा रोज साडेबाराला कुलूप लावून नदीकाठी जेवायला जायचे. त्या मंगळवारी मीच फोन केला. "बाबा, सँडल आजच हवेत. थांबा, पोहोचतेच."

"ये सावकाश, बसलोय," म्हणाले.

गाडी लावायला जागा मिळेना म्हणून मी फेऱ्या मारत होते. एकला नऊ मिनिटं कमी असताना जमीन हलली आणि दुकान बाबांवर कोसळलं. गिऱ्हाइकासाठी थांबले होते, असं मी तुला सांगितलं. ते गिऱ्हाईक मी होते, ट्रेव्हर.

तिथे भिंती उभ्या राहिल्या की सगळं मिटेल, मीही सुटेन, आणि तेच मला नको होतं. त्यापायी तुला परक्या गावात ताटकळत ठेवलं. याची फार लाज वाटते.

आज सकाळी सही केली, कागद हेमीच्या हातात दिले आणि मगच लिहायला बसले. नाहीतर पुन्हा कच खाल्ली असती. तुझं घर पक्कं झालं. शेजारचं माझं आहे. हे वाचून माझ्या शेजारी राहावंसं वाटलं नाही तर तसं कळव, मी माझं सोडीन. तू मात्र ये.

बाबांना थांबवणारी,
तुझी ताई
नोलीन