माझे घर, आणि प्रुएट यांच्यासाठी साप

मी, लोरेटा जून स्टकी, निवृत्त विज्ञान शिक्षिका, राहणार हार्लन फोर्क, कॅन्सस, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. शंका असल्यास डॉक्टरांना विचारावे. मीच त्यांना तासभर प्रश्न विचारून भंडावले होते.

१. माझी शेतजमीन व ट्रक माझ्या बहिणीचा मुलगा कर्टिस यास द्यावा. राहते घर त्यास मिळणार नाही, हे त्याला ठाऊक आहे. "मावशी, घर एका परक्या मुलीला?" असे तो म्हणाला. "परकी कशी? तुझ्यापेक्षा जास्त प्रश्न तिने मला विचारलेत," असे मी सांगितले.

२. ती मुलगी म्हणजे येसेनिया ओरोस्को. घर तिला द्यावे. कारण लिहून ठेवते.

येसेनिया सातवीत माझ्या वर्गात होती. शाळेत बंदूकधारी शिरला तर काय करायचे, याची कवायत एके दिवशी होती. दार बंद, दिवे बंद, मुले टेबलांमागे जमिनीवर. कोपऱ्यातल्या काचेच्या पेटीत वर्गात पाळलेला आमचा साप होता. अंधारात येसेनिया कुजबुजली, "मिस, आपण लपलोय हे सापाला ऐकू येत असेल?"

"आत्ता गप्प. नंतर शोधू."

कवायत संपली. शाळा मंडळाने पाठवलेल्या पुस्तिकेनुसार त्या तासाला अन्नसाखळी शिकवायची होती, तीही पुस्तिकेतल्याच वाक्यांत. पण मुले अजून टेबलांमागून उठत नव्हती. मी पुस्तिका मिटली. सापाला बाहेरचे कान नसतात, जमिनीची थरथर त्याला जबड्यातून कळते, एवढेच सांगितले. मुलांनी हनुवट्या फरशीला टेकवल्या आणि व्हरांड्यातून कोण चालत येते ते ओळखू लागली.

आले ते मुख्याध्यापक ग्लेन प्रुएट.

"लोरेटा, कवायत संपलीये. मुलं अजून खाली का?"

"आता विज्ञान चाललंय."

"पुस्तिकेत आज हे नाहीये."

"सर, तुमचा डावा बूट जास्त वाजतो," एक मुलगी जमिनीवरूनच म्हणाली.

त्यांनी माझी तक्रार केली. मंडळाच्या सभेत येसेनियाची आई मांसाच्या कारखान्यातली पाळी सोडून आली. ती म्हणाली, "अशी कवायत झाली की माझी पोर जेवत नाही. त्या दिवशी घरी आली आणि आम्हा सगळ्यांना स्वयंपाकघरात पालथं झोपवून पावलं ओळखायला लावली. हसून हसून पोट दुखलं. या बाईंचं चुकलं काय, तेवढं सांगा." तरीही माझा वर्ग काढून मला जेवणाच्या हॉलवर देखरेखीला बसवले. मुले ताटे घेऊन माझ्याच टेबलाशी येत. पिझ्झ्यावरचे चीज का ताणले जाते, इथपासून पुढचे विज्ञान मी तिथेच शिकवले.

येसेनिया आज त्याच शाळेत शिकवते. पुस्तिका आता संगणकाच्या पडद्यावर आली आहे, वाक्ये तशीच आहेत. म्हणून घराची पुढची खोली शनिवारी मुलांसाठी उघडी ठेवावी. तिथे प्रश्न मुलांनी विचारावेत आणि उत्तर माहीत नसेल तर मोठ्यांनी तसे कबूल करावे.

३. ग्लेन प्रुएट यांना काहीही देऊ नये, असे मी आधी लिहिले होते. ते खोडले आहे. गेल्या हिवाळ्यात ते काठी टेकत माझ्या दाराशी आले. बराच वेळ हवापाण्याचे बोलले. मग म्हणाले, "लोरेटा, त्या सापाला खरंच ऐकू येत नव्हतं का?"

"मलाही तसंच वाटायचं. पण हवेतला आवाजही थोडा कळतो, असं आता आढळलंय."

"म्हणजे तूही चुकलीस?"

"अर्धी. बसा, कॉफी ठेवते."

माझा हल्लीचा साप, पिकल्स, त्यांनी हातात घेतला आणि मांडीवरून खाली ठेवेनात. तो पेटीसह त्यांना द्यावा. त्याच्या खाण्याचे उंदीर फ्रीजरच्या खालच्या कप्प्यात आहेत. ते आइस्क्रीमच्या डब्यात असल्याने आधी झाकण उघडून पाहावे. माझा राग मात्र कोणाला दिलेला नाही. वर्ग गेला तो गेलाच.

४. माझा देह वैद्यकीय महाविद्यालयास द्यावा. पाऊस यायच्या आदल्या दिवशी माझा डावा गुडघा दुखतो. कारण एकाही डॉक्टरला सांगता आले नाही. विद्यार्थ्यांनी तो उघडून नीट पाहावा, घाई करू नये. काही सापडल्यास येसेनियाला कळवावे. मला कळणार नाही, एवढीच चुटपुट आहे.

स्थळ: हार्लन फोर्क, कॅन्सस
दिनांक: १४ ऑक्टोबर २०२४

सही: लोरेटा जून स्टकी

आमच्यासमक्ष, वाचून पाहून सही केली:
साक्षीदार: विल्मा गेर्ट्सन, शेजारीण
साक्षीदार: अब्दिरहमान वार्सामे, औषधविक्रेता (गुडघ्याचे कारण मलाही माहीत नाही.)