दोन समुद्रांपलीकडची धूळ

आदरणीय मामा,

वाकून नमस्कार. तुमचा खोकला थांबला का, मामींचा चष्मा सापडला का, हे सगळं विचारायचं आहे. उत्तर सवडीने द्या. इकडे आई मजेत आहे. माझं पुढे वाचालच. (फोनवर बोलले असते, पण आई शेजारीच बसते.)

माझ्या नोकरीबद्दल आई सगळ्यांना काय सांगते ते तुम्ही ऐकलंच असेल. "घरचा केर काढ म्हटलं की पुस्तक घेऊन बसायची, आता दोन समुद्रांपलीकडची धूळ बघायचा पगार घेते!" खोटं नाही. वाळवंटात वादळ उठलं की बारीक धूळ उंच चढते आणि वाऱ्यावर हजारो किलोमीटर जाते. उपग्रह तिचे फोटो काढतो; ती कुठे, कधी उतरणार हे मी सांगायचं. दम्याच्या माणसांना आदल्या दिवशी कळलं तर ती खिडक्या लावून घेतील, एवढ्यासाठी मी हे काम धरलं. (हसू नका. घरातली पहिली पदवीधर झाले तेव्हाही हसलात, आणि मग बाहेर जाऊन डोळे पुसलेत. मी पाहिलंय.)

तर मागच्या रविवारी धुळीचा एक भलामोठा पट्टा निघाला. तीन दिवस मी त्याच्या मागावर. जेवतानाही एक डोळा पडद्यावर. "गुरुवारी दुपारी आपल्याकडे उतरेल," असं लेखी दिलं. आमच्या विभागप्रमुख बाई (कौतुक करायचं झालं तरी नुसतं "हं" म्हणतात) म्हणाल्या, "उपग्रह वरून बघतो, मुली. खाली पडल्याचा पुरावा दाखव, मग तुला कायम करू." पुरावा म्हणजे गच्चीवर मांडलेली सहा पांढरी ताटं. त्यांत पडेल ती धूळ आम्ही तपासतो. माझी मुदत महिनाअखेर संपते, त्यामुळे गच्चीच्या माझ्या किती खेपा झाल्या ते विचारू नका.

गुरुवारी दुपारी ताटांवर फिकट तांबूस थर! मी बाईंना बोलवायला धावले. नेमकी तेव्हाच आई माझा विसरलेला डबा घेऊन आली आणि पहारेकऱ्याने तिला थेट वर धाडलं. बाईंना घेऊन मी जिना चढते तो काय, सहाही ताटं उन्हात पालथी, लख्ख! आणि आई हात झटकत बाईंना म्हणते, "एवढं मोठं ऑफिस, पण ताटांवर बोटबोट धूळ! घासून टाकली हो मी. हिला वळण लावलंय, इथे कशी विसरली कोण जाणे."

बाई "हं" म्हणाल्या. (कौतुकाचं नव्हे.) घरी येताना आई म्हणाली, "बोलतात कमी, पण बाई गुणी दिसतात."

मोठ्यांना नमस्कार, धाकट्यांना एकेक चापट.

तुमची भाची

ता.क. आता मुद्द्याचं. तो पट्टा तुमच्याही गावावर उतरला. तुम्ही गाडी बुधवारी धुतलीत आणि बॅटरी गेल्यापासून ती उघड्यावरच उभी आहे, असं मामी म्हणाल्या. तिला कुणी हात लावू नका! टपावरची धूळ कोऱ्या ब्रशने काचेच्या बाटलीत भरून, तारीख घालून पाठवा. महिनाअखेरीच्या आत आली तर चालेल, असं बाई म्हणाल्यात.

ता.क. दुसरा. आईला यातलं काही कळू देऊ नका. आपण पोरीची लाज राखली, असं तिला वाटतंय.

ता.क. तिसरा. दादा, हे मी लिहितेय, तुझी बहीण. पाकीट उघडं टाकून पोरगी तिकीट आणायला गेलीय. उद्या मी त्या बाईंना सांगून येते, चूक माझी, नोकरी हिची का घालवता. तू धूळ आजच पाठव. वहिनीच्या कपाटावरची भरू नकोस, ती फार जुनी. आणि बाटली आधी नीट घासून घे.