खंडेनवमी आणि तीन डिस्का

१ ऑक्टोबर २००६, रविवार

घोळ केला.

बायको, सिंधू, गेली त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून खंडेनवमीची पूजा मीच करतो. पाटावर पेचकस, पक्कड, मीटर मांडलं. मग वाटलं, दुकानातलं खरं शस्त्र तर कोपऱ्यात बसलं आहे — शोभाबाईंच्या वधू-वर केंद्राचं कॉम्प्युटर मशीन. तीन हजारांवर स्थळं त्यात. तीन डिस्का, प्रत्येकीचा वेगळा ट्रे. विकणारा म्हणाला होता, "चालू मशीनमधून एक काढली तरी बाकी दोघी सांभाळून घेतात." हे मी गिऱ्हाइकांना शंभरदा ऐकवलंय.

आज तिन्ही काढल्या. चालू मशीनमधून. पाटावर ओळीने ठेवल्या, हळदकुंकू वाहिलं, वर झेंडू. तिसरीवर हळदीचं पाणी जरा सढळ हाताने गेलं.

परत खोचल्या. पडदा काळा. दोघी नीट घरघरल्या. तिसरीच्या पोटात वाळू दळल्यासारखा आवाज. तीस वर्षं रेडिओ उघडले आहेत; मेलेला आवाज मला कळतो.

२ ऑक्टोबर

दसरा. सोनं द्यायला शोभाबाई आल्या. "प्रभाकरराव, मशीन काऊन बंद हाय?"

"सणाचा आराम देऊन राह्यलो."

मेळावा पंधरा तारखेला. त्याआधी सगळ्या स्थळांची पुस्तिका छापून व्हायची आहे. जुनी रजिस्टरं वाळवीने खाल्ली तेव्हा मीच म्हणालो होतो, "बाई, याले वाळवी लागत नाई." खरंच लागली नाही. मी लागलो.

३ ऑक्टोबर

पुण्याला निकेशला फोन. बहिणीचा मुलगा, कॉम्प्युटर कंपनीत आहे.

"मामा, क्रिएट कमांड मारा. नवीन संच बनते."

"अन् जुनी माहिती?"

"राहते नं."

'राहते' म्हणताना आवाज अर्धी पट्टी उतरला. मुलगा निर्व्यसनी आहे असं सांगताना मुलाकडच्यांचा उतरतो, तसा. फोन ठेवला. डिक्शनरी घेऊन दुपारभर मॅन्युअल वाचलं. क्रिएट म्हणजे नवा संसार मांडणं, जुना पुसून. असेंबल म्हणजे आहेत त्यांना एका पंगतीत बसवणं. आपल्याला दुसरं पाहिजे.

जमत आलेली तेरा-चौदा लग्नं वाचली, त्या पोराला ठाऊकही नाही.

४ ऑक्टोबर

शोभाबाईंना खरं सांगितलं. रागावतील वाटलं. स्टुलावर बसल्या, एवढंच.

"तिसरीचं काय?"

"तिले हळद लागली."

हसल्या नाहीत. बाई चेष्टेला हसत नाहीत असं आजवर झालेलं नाही. म्हणाल्या, "प्रभाकरराव, सगळं गेलं तरी मले सांगजा. लपवू नका."

मशीन सीडीवरून चालू केलं आणि त्यांच्यादेखत टाइप केलं:

mdadm --assemble --force /dev/md0 /dev/sda1 /dev/sdb1

एन्टर दाबायच्या आधी हात पँटला पुसला. मशीनने उत्तर दिलं — तीनपैकी दोघींवर चालू. आता यातली एक जरी मेली तर सगळं संपलं. नवी डिस्क नागपूरहून मागवली. ती भरून होईतो कोणी काही उघडायचं नाही.

६ ऑक्टोबर

नवी डिस्क सकाळी जोडली. दोघींकडून तिसरी भरायला लागली. पडद्यावर टक्के चढतात. बातमी आमच्या नालवाडीभर झाली. बाकावर आईबाप येऊन बसले. आर्वीहून नत्थूजी आले, थोरल्याचं स्थळ यात आहे. "भाऊ, आमच्या पोराचं किती टक्के झालं?"

"सगळ्यांचं एकदमच होते, नत्थूजी."

"तरी पण. आमचं अंदाजे?"

एकीने पडद्यासमोर नारळ फोडला. पाणी कीबोर्डवर जाता जाता राहिलं. रुखमाबाईंनी गिरडच्या दर्ग्याला चादर बोलली.

८७.४ वर लोडशेडिंग. इन्व्हर्टर चाळीस मिनिटं टिकला. लाईट आल्यावर परत शून्यापासून.

७ ऑक्टोबर

६१. लाईट गेली. शून्य.

८ ऑक्टोबर, रविवार

चिंधू पाटलांनी दारात ट्रॅक्टर आणून लावला. तीन पोरं लग्नाची, माणूस कंटाळला असणार. ट्रॅक्टरची बॅटरी इन्व्हर्टरला जोडली, इंजिन चालू ठेवलं. पाच तास धडधड. बाकावरच्यांना एकमेकांशी ओरडून बोलावं लागलं. मुलाचं खरं वय एरवी कानात सांगतात. आज गल्लीच्या टोकापर्यंत गेलं.

"चौतीस!"

"कागदावर तीस हाय!"

"कागद जुना हाय!"

शोभाबाई पाचही तास त्याच स्टुलावर. भाकरीचा डबा सोडला तो मला दिला, स्वतः नाही खाल्ला. आकडे पाहत होत्या. ९९ ला ओठ हलत होते.

शंभर. तिन्ही डिस्का धड. चिंधू पाटलांनी ट्रॅक्टर बंद केला.

९ ऑक्टोबर

सकाळी शोभाबाई एकट्या आल्या. आता नोंदी तपासून घेऊ म्हटलं. नमुन्याला कोणती उघडू?

"पहिली."

इतकी वर्षं मशीन मी सांभाळतो, पण कुणाचं स्थळ कधी वाचलं नाही. आज वाचलं. नोंद क्रमांक १. दिनांक ११ मार्च १९८१. नाव शोभा. जन्म १९५१. शिक्षण मॅट्रिक. अपेक्षा : समजूतदार असावा. स्थिती : शोध सुरू.

आम्ही दोघं पडद्याकडेच पाहत होतो.

"हाय नं," त्या म्हणाल्या. "बरं झालं. पुस्तिका दोनपासून छापा. दरवर्षी तशीच छापतो."

आवाज पट्टीत होता. मुद्दाम धरलेला.

१० ऑक्टोबर

केंद्राचा फॉर्म भरला. वय सत्तावन्न, विधुर, धंदा दुरुस्तीचा. अपेक्षेच्या रकान्यात लिहिलं — नोंद क्रमांक १. नेऊन हातात दिला. चष्मा लावून त्यांनी पूर्ण वाचला, घडी घातली, परत उघडला.

"फोटो जोडला नाई तुमी," म्हणाल्या.