रंगाऱ्यांचा काठ

९ नोव्हेंबर
महोत्सवाच्या संयोजक बाई परत आल्या! नदीवर तीन दिवस गाणी, नाच, जुन्या होड्या, आणि एका सकाळी ‘रंगाऱ्यांचा काठ’. रंगवलेलं कापड नदीत कसं खळबळायचं, कसं पिळायचं, ते आमच्या घराण्यानं लोकांना दाखवायचं. शेवटचे रंगारी आम्हीच ना! मी नाही म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात सासूबाई आतून ओरडल्या, “हो म्हण गं! एक हात चालतोय अजून माझा.”
झालं. त्यांच्यापुढे कुणाचं काय चालतंय?

११ नोव्हेंबर
चहा देताना रोजचा प्रश्न. “थोरला आला का गं?”
“नाही आई. काम लांबलंय.”
दोन वर्षं होत आली हे जाऊन. रंगाचं काम बसलं म्हणून परगावी बांधकामावर गेले आणि तिथेच वरून पडून वारले. सासूबाई तेव्हा अर्धांगानं दवाखान्यात. डॉक्टर म्हणाले, इतक्यात सांगू नका. मग आज नको, उद्या नको — ते राहूनच गेलं. आता कुठल्या तोंडानं सांगायचं?
आणि त्यांचं एवढ्यावर भागतही नाही. “वेळेवर जेवतो का?” मी म्हणते, कुठलं जेवताहेत! चहावर चहा. झोपले तर ढोल वाजवला तरी उठायचे नाहीत. त्या हसतात. मीही हसते. मग मोरीत जाते, नळ सोडते.

१२ नोव्हेंबर
धाकटे दीर म्हणाले, “वहिनी, सांगून टाकू या आता.”
म्हटलं, “भावजी, तुम्ही सांगा.”
ते चपला घालून बाहेर गेले.

१५ नोव्हेंबर
काठावर तालीम झाली. पायऱ्या घासूनपुसून लख्ख. पाणी मात्र जेमतेम घोट्याएवढं. सासूबाईंना खुर्चीवरून उतरवून दगडावर बसवलं. बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “किती वाळली गं ही!” आजारी बहिणीला बघून बोलावं तसं.
कापड पिळायला समोरासमोर दोघं लागतात. एकानं उजवीकडे पीळ द्यायचा, दुसऱ्यानं डावीकडे. त्यांच्या समोरचं टोक नेहमी ह्यांच्या हातात असायचं. आज मी धरलं. हातातून दोनदा सुटलं. “लेकी, दम लाव जरा! आमटी ढवळत नाहीयेस तू.”

१६ नोव्हेंबर
हात अजून निळे आहेत.
गर्दी लोटली होती. फोटो काढणारा सारखा “आजी, इकडे बघा!” करत होता. सासूबाई म्हणाल्या, “तुझा तो डबा ठेव आणि ये, टोक धर!” सगळे हसले. छान चाललं होतं. खरंच छान चाललं होतं.
मग तो निवेदक. माइकवर घराण्याची माहिती वाचायला लागला. पणजोबा, आजोबा... “आणि आजींचे दिवंगत थोरले चिरंजीव, या काठावरचे अखेरचे कसबी रंगारी —”
दिवंगत! भावजींनी माहिती देताना खरं तेच सांगितलेलं. तो हे असं माइकवरून वाचेल, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. ते तिकडे खांबाशी पांढरेफटक.
मी सासूबाईंकडे बघितलं. कापड दोघींच्या मध्ये ताणलेलं, निळं पाणी ठिबकतंय. त्यांनी मान वर केली नाही.
“थांबलीस का?” म्हणाल्या. “पीळ.”
मी पिळलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

१७ नोव्हेंबर
चहा दिला. त्यांनी काही विचारलं नाही.

१८ नोव्हेंबर
आजही नाही. लाँड्रीत कामावर दोन शर्ट करपवले. मालक म्हणाले, “बाई, लक्ष कुठंय?” रोज जो प्रश्न छातीवर दगडासारखा पडायचा, तो आता आला नाही तर घर खायला उठतंय. भावजी आईशेजारी नुसते बसून असतात.

२० नोव्हेंबर
शेवटी आज त्यांचे पाय धरले. म्हटलं, “आई, चुकलं आमचं. लपवलं तुमच्यापासून.”
“कसलं लपवलंस?” त्यांनी चांगल्या हातानं माझं तोंड वर केलं. “दवाखान्यातच कळलं मला. मी झोपलेय समजून धाकटा उशाशी ‘दादा गेला’ म्हणत रडत होता.”
मी म्हटलं, “मग रोज विचारायचात कशाला?”
“तू त्याचं नावच काढेनाशी झालीस. विचारलं की चार शब्द बोलायचीस. तेवढाच घरी येऊन जायचा तो.”