मेघाकडे जायचं होतं

३ फेब्रु., मंगळ
आज नागपूरला निघायचं होतं. लेकीचं, मेघाचं, पहिलं बाळंतपण, बीपी वाढलेलं, तारीख वीसची. सकाळी अकराला माझे दीर विजूभैया सासूबाईंना ऑटोतून घेऊन आले. बाथरूममध्ये घसरल्या. मांडीपर्यंत प्लास्टर. "वहिनी, बस आठ दिवस." चहासुद्धा न घेता गेले. तिकीट रद्द.

५ फेब्रु., गुरु
सासूबाईंना अंथरुणातच पॉट देणं, अंग पुसणं, वेणी. हे असते तर आईला हसवून मला गाडीत बसवलं असतं. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली.
संध्याकाळच्या प्रार्थनेत सासूबाई मोठ्यानं: "प्रभू, तू मला पाडलंस ते सुनेच्या घरी आणायलाच. आता तिचं मन इथंच ठेव." मी आमेन म्हटलं नाही. एक डोळा उघडून म्हणाल्या, "काहून, घसा बसला?"

८ फेब्रु., रवि
चर्च चुकलं. पाळकसाहेबच घरी आले. म्हणाले, ध्यानीमनी नसताना येतं तेही प्रभूच पाठवतो.
ते गेल्यावर शुभवर्तमान काढलं. मरायला टेकलेल्या मुलीकडे निघालेला प्रभू वाटेत एका आजारी बाईसाठी थांबतो. मुलीचा बाप शेजारी उभा. पुढं प्रभूनं मुलीला उठवलं ते मला ठाऊक आहे, त्याला तेव्हा नव्हतं. त्याचं मन कसं झालं ते कुठं लिहिलेलं नाही. माझं लिहून ठेवते. राग आला. बाईचाही, प्रभूचाही.

११ फेब्रु., बुध
विजूभैया "बाहेरगावी". चर्चच्या महिला संघातली दीदी दिवसा तासभर बसेल, मुक्काम जमणार नाही.
मेघाचा फोन: "आई, तू येऊन राहिली की नाही, एवढंच सांग."
"बघते" म्हणून फोन ठेवला.

१२ फेब्रु., गुरु
दुपारी जावयांचा फोन. मेघाला ॲडमिट केलं, उद्या ऑपरेशन. विजूभैयांचा फोन बंद. स्वयंपाकघरात जाऊन रडले. आतून सासूबाईंची हाक.
"नागपूरची गाडी कितीला?"
"रात्री. पण तुम्हाला कोण—"
"सामानासारखं चढव मला. कुली कर."
"आई, डॉक्टरांनी हलू नका म्हटलंय."
"पणतू डॉक्टरचा आहे का?"
दोन तिकिटं काढली, दोन्ही वेटिंग. प्लास्टरचा पाय डब्याच्या दारातून वळेल की नाही, माहीत नाही. याला प्रभूचं उत्तर म्हणू की म्हातारीचा हट्ट, ते गाडीत बसल्यावर बघू.
बॅगेतल्या माझ्या दोन साड्या काढल्या. तिथं पॉट बसवलं.