तिसरं गाणं

धाकट्या,

बाबांना जाऊन महिना झाला. त्यांचं कपाट आवरताना आज त्यांच्या लाडक्या सिनेमाची कॅसेट सापडली. तिसरं गाणं पुसलं गेलं, म्हणून त्यांनी तुला बडवलं होतं, तीच. तेव्हापासून तू त्यांच्याशी बोलला नाहीस, शेवटच्या आजारपणातही आला नाहीस.

मी ती लावली. दुसरं गाणं संपलं, खरखर झाली आणि बातम्या वाचणारा माझा शाळकरी आवाज आला. मागून तू रडवेला होऊन म्हणतोयस, "ताई, नको ना गं! बाबांचं गाणं जाईल!"

गाणी पुसली जाऊ नयेत म्हणून कॅसेटच्या कडेला ठेवलेल्या भोकांवर चिकटपट्टी लावून रेकॉर्डिंग मीच केलं होतं. बाबांपुढे मात्र तुझं नाव घेतलं.

कव्हरच्या आत बाबांनी गाण्यांची यादी लिहिली आहे. तिसरं गाणं खोडून शेजारी 'मुलांचा आवाज' असं लिहिलंय. खाली तारीख आहे, तुला मारलं त्यानंतरच्या आठवड्यातली.

म्हणजे त्यांनी सगळं ऐकलं होतं. पण ना मला जाब विचारला, ना तुला जवळ घेतलं.

तुझा पत्ता माझ्याकडे आहे, पाकीटही आणलंय. पण हे पत्र मी टाकणार नाही. सगळे म्हणतात ते खरंय, मी अगदी बाबांवर गेलेय.

तुझी,
ताई