खुर्चीवर दिलेलं उत्तर

२ जून
हे वसतिगृह मला कितीला पडलं, ते खरेदीखतात सापडायचं नाही. टॅक्सी चालवण्यात गेलेली उमेदीची वर्षं, तुटलेली भागीदारी, उजवा गुडघा आणि बायकोचे टोमणे, एवढ्या सगळ्याला पडलं. पण इमारत झकास. खाली जेवणघर, वर खोल्या, जिन्याच्या माथ्यावर माझी. भाडेकरू कॉलेजची पोरं, सगळी विशी ओलांडलेली. बायको महिनाअखेर येईल. ती मला अंधारातही ओळखेल असा आमचा संसार, हे पोरांना सांगून टाकलं.

६ जून
इथली रीत गमतीची. नव्या माणसाला जेवणघरातल्या खुर्चीवर उभं करून सगळे विचारतात, तू कोण? पोरांच्या म्होरक्याला पुढारी म्हणतात. उंच्यापुऱ्या नव्या मुलाला, दांडूला, त्याने विचारलं, बायकांचा का बाप्यांचा? हशा पिकला. दांडू घसा ताणून म्हणाला, बायकांचाच, घरी मैत्रीण वाट बघतेय. मग मला चढवलं. मी म्हणालो, बायको सोडून कुणाकडे मान न वळवलेला सरळ गृहस्थ. टाळ्या पडल्या.

११ जून
दांडूचं खोलीतल्या सोबत्याशी, गोलंदाजाशी, जमलंय. नुसती दोस्ती नव्हे. भिंती पातळ आणि कानांना पापण्या नसतात. असेना का, कुणाचं काय जातंय? पण आज वर दोघांची कुजबुज चालू असताना दांडू खाली पुढाऱ्याशेजारी बसला होता, पोरींवरून फिदीफिदी हसत. मी पुन्हा जिना चढून आलो. दोन्हीकडे दांडूच.

१५ जून
पुढाऱ्याला बाजूला घेऊन विचारलं. तो दात कोरत म्हणाला, काका, खुर्चीवर खोटं बोललं की ते खोटं खाली उतरतं आणि जेवायला बसतं. ते अंग धरतं, वर खोलीत राहिलेला खरा माणूस झिजतो. आमच्याकडे असे बघू नका, आम्ही सगळे खालचेच. वरचे कधीच संपले.
मी हसलो. तो हसला नाही.

१९ जून
गोलंदाज रडत आला. म्हणाला, काका, दांडूचा हात धरला तर हाताला काही लागत नाही. मी दांडूला म्हणालो, ऊठ, खुर्चीवर चढ आणि खरं काय ते सांगून टाक. तो ओठ हलवत होता. मला, माझ्यासारख्या तिखट कानाच्या माणसाला, ऐकू येईना.

२० जून
चढला. खालच्या दांडूनेच खुर्ची धरली, अगदी मायेने. पुढाऱ्याने विचारलं, तू कोण? दांडूने तोंड उघडलं— आवाज नाही. सगळे हसले. मग खुर्ची रिकामी. गोलंदाज कोपऱ्यात उभा. खालचा त्याच्या अंगावर ओरडला, माझ्याकडे काय बघतोस रे, शिसारी येते तुझी.

२३ जून
जेवणघरात कुणी खोकलं. खोकला माझा. मी खोलीत.
तो खाली माझेच विनोद सांगतोय. पोरं लोळतायत.
टॅक्सी-स्टँडवरचा तो— लग्नाआधीही होता, नंतरही. मी त्याला मित्र म्हणत आलो. मित्र नव्हता तो. हे खाली जाऊन म्हणायला हवं, आवाज आहे तोवर—

२५ जून
उतरवत नाही. गुडघा दुखत नाही आता. पाय ठेवला तरी पायरी वाजत नाही—
गोलंदाज शेजारून गेला. वर बघितलंही नाही—

२७ जून
बायको आली. बॅग खालच्याने घेतली. मी माथ्यावरून हाका मारतोय, एकही—
म्हणतेय, हवा मानवली हो तुम्हाला, किती वर्षांनी असे मोकळे हसलात—
दिवा लागला होता. तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. तिला फरक कळला नाही, आणि